एअरबॉक्स कापण्याआधी

बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरला की उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ सुरू होते. ती इंजिनात गेली तर पिस्टन-रिंग आणि सिलिंडर घासले जातात. म्हणून इथे फिल्टर निवडताना ताकदीआधी धूळ पाहावी. कागदी फिल्टर बारीक कण चांगले अडवतो. तो धुऊ नये, बदलावा. तेल लावलेला कापडी किंवा फोमचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण त्याला तेल कमी पडले की धूळ आत जाते.

हा फिल्टर ज्यात बसतो तो एअरबॉक्स नुसता डबा नव्हे. तो इंजिनाला शांत, स्थिर हवा पुरवतो आणि आवाजही दाबतो. त्याला भोके पाडली की गाडी गुरगुरते, म्हणून ती जोरात पळते असे वाटते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा वाढली आणि इंधनाचा जेट तोच राहिला, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर थोडाफार फरक सांभाळतो, मोठा नाही.

शिवाय, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.