दणकट पोरांचं दुखणं

आपल्याकडे आजारी कोण, तर हडकुळं, पिवळं पडलेलं पोर. दणकट पोरानं "आज बरं वाटत नाही" म्हटलं, की घरातून पहिला शब्द येतो, "नाटकं नकोत!" त्यातून पोर खेळाडू असेल तर विचारूच नका. म्हणूनच मैत्रिणींनो, आज जोना लोमूविषयी सांगावंसं वाटतंय.

लोमू न्यूझीलंडचा रग्बीपटू. रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडू काखेत मारून धावायचं आणि समोरच्यांनी कवेत धरून पाडायचं. आपल्या कबड्डीतली पकड आठवावी असा रांगडा खेळ. लोमू सहा फूट पाच इंच उंच. १९९४ मध्ये वयाच्या १९ व्या वर्षी तो देशासाठी कसोटी खेळला. तिथं इतक्या लहान वयात त्याआधी कुणी खेळलं नव्हतं. १९९५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात त्यानं इंग्लंडविरुद्ध चार वेळा चेंडू रेषेपार नेऊन टेकवला. आडवे आलेले गडी अक्षरशः बाजूला उडत होते.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीला निदान झालं, नेफ्रोटिक सिंड्रोम! मूत्रपिंड ही शरीराची गाळणी. तिची जाळी सैल झाली, की जी प्रथिनं रक्तात राहायला हवीत तीच लघवीवाटे निघून जातात. मग अंगावर सूज येते, थकवा येतो. लोमू औषधं घेत खेळत राहिला. १९९९ चा विश्वचषकही गाजवला. पण २००३ मध्ये डायलिसिस सुरू झालं, २००४ मध्ये मूत्रपिंड बदलावं लागलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो गेला. वय अवघं ४०.

हे सगळं मी शोधून वाचलं ते भाचीमुळे. ती शाळेकडून रग्बी खेळते. मागच्या वर्षी ताईचा फोन आला, "अगं, रोज सकाळी हिचे डोळे सुजलेले. सगळे म्हणतात, रात्री मोबाइल बघते." मी म्हटलं, "मोबाइल काढून घे, पण लघवीही तपासून आण." ताईला आधी हसूच आलं. तपासणीत प्रथिनं निघाली आणि घरातलं हसू मावळलं.

औषधं सुरू झाली, मैदान बंद. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला, सारखी भूक लागायची. पण पोरगी रडली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. "मावशी, माझ्या जागेवर दुसरीला घेतलं गं!" आजारानं शरीर थकतंच, पण या वयात संघ म्हणजेच सारं जग असतं. ते जग आपल्याशिवाय चालू राहिलेलं बघणं फार जड जातं.

जागा परत मिळेल, असं खोटं आश्वासन मी दिलं नाही. ताईनं डॉक्टरांना विचारून तिला सरावाच्या वेळी कडेला बसायला नेलं. ती गुण लिहू लागली, कोण कुठे चुकतं ते सांगू लागली. आता प्रथिनं जाणं थांबलंय. डॉक्टरांनी हलकं धावायला परवानगी दिली आहे, धक्काबुक्कीला अजून नाही.

तेव्हा आयांनो, एवढं लक्षात ठेवा. सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे खोल वळ, लघवीला न जिरणारा फेस, विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. सामन्याआधी मनानंच वेदनाशामक गोळ्या देऊ नका. घामानं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. आणि स्टिरॉइड सुरू असतील तर चेहरा सुजला म्हणून परस्पर बंद करू नका.

लघवीची साधी तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. पोर कितीही दणकट असू दे, तेवढी करून घ्याच.