परदेशी पंगतीतला इत्सिंग

धम्माच्या अध्ययनासाठी श्रीलंका, थायलंड या देशांत जाऊन आलेले आपले भिक्खू व विद्यार्थी भेटले की विनय आणि पाली यांआधी विषय निघतो तो जेवणाचा. भाकरी नाही, तिखट निराळे, भाताची चवही निराळी. ही तक्रार आम्ही क्षुल्लक मानीत नाही. तेराशे वर्षांपूर्वी हाच अनुभव उलट दिशेने आलेल्या एका चिनी भिक्खूने तो लिहून ठेवला आहे.

इत्सिंग इ.स. ६७१ मध्ये सागरी मार्गाने निघाला, ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस उतरला आणि पुढे सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला. परतीच्या प्रवासात सुमात्रातील श्रीविजय येथून त्याने ६९२ मध्ये आपला वृत्तांत मायदेशी धाडला. मगधात गव्हाचे पीठ थोडे व तांदूळ विपुल, हे त्याने टिपले आहे. भारतीय लोक भाज्या नीट शिजवून हिंग, तूप, तेल वा मसाला घालून खातात. चीनमध्ये मासे व भाज्या बहुधा कच्च्याच खाल्ल्या जातात. भारतीय कच्च्या भाज्या व कांदा खात नाहीत म्हणून त्यांस अपचन होत नाही, असे त्याचे मत. आपल्या फोडणीतल्या हिंगाला याहून जुने परदेशी प्रशस्तिपत्र क्वचितच मिळेल!

परंतु त्याची खरी विचारशक्ती दिसते ती जेवणाच्या काड्यांच्या प्रश्नात. भारतात उजव्या हाताने जेवतात. आजारी माणसास चमचा चालतो. काड्या मात्र कोठेच नाहीत. मग चिनी भिक्खूने त्या वापराव्यात काय? इत्सिंग म्हणतो, विनयात त्यांना अनुज्ञा नाही, तसा निषेधही नाही. अशा वेळी लोकव्यवहार पाहावा. चीनमध्ये त्या हट्टाने टाकल्या तर लोक हसतील, म्हणून तेथे वापराव्यात. भारतात वापरू नयेत. पाली विनयातील भेसज्जक्खंधकाच्या शेवटी असलेले चार महापदेसही ज्याविषयी स्पष्ट वचन नाही तेथे विहित-अविहिताशी साम्य पाहून निर्णय करण्यास सांगतात. ग्रंथात शब्द नाही म्हणून वस्तू त्याज्य ठरत नाही.

कांद्यावरून मात्र एक कटू गोष्ट आठवते. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियाननेही मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत असे लिहिले. अपवाद सांगितला तो चांडालांचा. ते गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड आपटून आपली चाहूल देतात, हेही त्याने तेथेच नोंदविले. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात या साक्षीची चिकित्सा केली आहे. कोण काय खातो यावरून कोण कोठे राहील हे ठरविणारा समाज या प्रवाशांनी पाहिला. इत्सिंगचा प्रश्न अगदी वेगळा होता: ज्यांच्यात आपण राहतो त्यांना आपले जेवणे विचित्र वाटणार नाही ना? तथागतांच्या संघात भिक्खू घरे न वगळता, क्रमाने पिंडपात करतो. पात्रात पडेल ते अन्न कोणाच्या हातचे, हे तो विचारीत नाही.

आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी थायलंडहून आला तेव्हा त्याने सांगितले, बँकॉकमध्ये भात काट्याने चमच्यात ओढून खातात, तर ईशान्येकडील खेड्यांत चिकट भाताचा गोळा हातानेच मोडतात. पहिल्या ठिकाणी त्याला महिनाभर शिकावे लागले. दुसऱ्या ठिकाणी तो पंगतीत बसला आणि कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.