जुन्या भागांतून इंजिन बांधताय? आधी माप, मग कागद

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार अनेकांना आठवत असतील. जुने भाग जमवून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती मिळाली. हुनर अस्सल होता, कागद नव्हता.

नांदेड-लातूरच्या गॅरेजमध्ये आपल्या समाजाची कितीतरी मुलं उस्तादांच्या हाताखाली इंजिन बांधायला शिकतात. ब्लॉक एका गाडीचा, हेड दुसरीचं, क्रँक कुर्ल्याच्या बाजारातून आलेला. हे काम वाईट नाही. नवं इंजिन परवडत नाही त्याची गाडी यामुळेच चालते. पण कुठला भाग कुठे चालतो हे अंदाजाने ठरवू नये.

जुनी मारुती 800 घ्या. तिचा बोअर 68.5 मिमी, स्ट्रोक 72 मिमी, सिलिंडर तीन. दहावीतलं वृत्तचितीचं सूत्र लावलं की बरोबर 796 सीसी येतात. (गणित कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांना आम्ही हेच उदाहरण देतो.) बोअर झिजला म्हणून लेथवर 0.50 मिमी वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकले, तर तेच इंजिन सुमारे 808 सीसी होतं. मात्र तिन्ही सिलिंडर एकाच मापाचे करावे लागतात. एकच खराब आहे म्हणून एकाच बोअरमध्ये मोठा पिस्टन बसवला की इंजिन थरथरतं.

आता फसगत कुठे होते ते पाहा. अल्टोचं इंजिनही 796 सीसीचं. पण कार्ब्युरेटरच्या जुन्या 800 ला 6 व्हॉल्व्ह आणि अल्टोला 12. सीसी सारखे म्हणून हेड बदलता येत नाही. ओम्नीचं इंजिनही 796 चंच, पण 800 मध्ये ते आडवं बसतं आणि ओम्नीत गाडीच्या लांबीच्या दिशेने. त्यामुळे आतले भाग जुळले तरी बाहेरचे एकेक तपासूनच घ्यावे लागतात.

काही भागांची तर जोडी मोडायचीच नसते. कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडला लागते. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तसंच, कारण ब्लॉक आणि कॅप एकत्र बसवूनच ते भोक कापलेलं असतं. दुसऱ्या ब्लॉकची कॅप बोल्टने आवळली जाईल, पण क्रँक जाम होईल नाहीतर बेअरिंग जळेल. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज फिरवायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवली तर पॅकिंग पुन्हा उडणार.

आणि सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ब्लॉक, कारण इंजिन नंबर त्यावरच असतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलणं ही दुरुस्ती. ब्लॉक बदलला की आरसी बुकातला नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीने करून आरसीवर नोंदवावा लागतो, मग गाडी एमएच 26 ची असो की एमएच 24 ची. परवानगीशिवाय बदल केल्यास कलम 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांचा दंड होऊ शकतो. ब्लॉक चोरीच्या गाडीचा निघाला तर प्रकरण आणखी गंभीर. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अशा वेळी सगळ्यात आधी ठाण्यात जातो तो गॅरेजमधला पोरगा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला दोन दिवस चकरा माराव्या लागल्या. ब्लॉक त्याने रोख पैसे मोजून घेतला होता, बिल मागायला लाजला होता. घरच्यांनी तर तो काय विकत घेतो हे कधी विचारलंच नव्हतं.

गिऱ्हाइकालाही कुठला भाग जुना, कुठला नवा, हे लिहून द्यायला हवं. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओलं धान्य निघालं, ती हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. वरून रंग मारलेलं इंजिन त्याच ढिगासारखं.

तो मुलगा आता इंजिन उघडण्याआधी नंबरचा फोटो काढतो आणि बिल न देणाऱ्या दुकानातून ब्लॉक घेत नाही. उस्ताद आधी हसायचे. परवा त्यांनीच त्याच्याकडून बिलबुक छापून घेतलं.