शेगडी पेटते, मग धोका कसला?

आज बोलायचं आहे ते आपल्या ओट्याखाली उभ्या असलेल्या लाल टाकीबद्दल, आणि ती तपासायला दारात येणाऱ्या माणसाबद्दल. विषय साधा वाटेल. पण यात आम्ही दोनदा चुकलो. एकदा भीतीपोटी आणि एकदा संशयापोटी. त्या दोन्ही चुका तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे तुमच्या गटाला त्या करायला नकोत.

पहिली गोष्ट कांदा काढणीच्या दिवसांतली. सकाळी अकराची वेळ. घरची सगळी माणसं रानात. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी सासूबाई आणि बाळंतीण सून, दोघीच. खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र असे दोघे जण आले. "गॅसची तपासणी आहे, वरून आदेश आहे," म्हणाले. शेगडी पेटवून पाहिली, नळी वाकवून पाहिली आणि सांगितलं, नळीची मुदत संपली, रेग्युलेटर गळतोय, आज बदललं नाही तर विमा मिळणार नाही, काही झालं तर जबाबदारी तुमची. घरात तान्हं बाळ. सासूबाईंचा जीव घाबरला. गटाच्या हप्त्यासाठी डब्यात ठेवलेले पैसे काढून त्यांनी देऊन टाकले. पावती मिळाली, पण तिच्यावर ना एजन्सीचं नाव, ना शिक्का. संध्याकाळी ताईंनी एजन्सीत फोन लावला तर उत्तर आलं, आम्ही कुणालाच पाठवलं नव्हतं. नवी म्हणून बसवलेली नळी साधी रबराची, तिच्यावर एकही खूण नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना बजावलं, गॅसवाला म्हणून कुणी आला तर दार उघडायचं नाही. ही आमची दुसरी चूक.

कारण महिना-दीड महिन्याने एजन्सीचा खरा माणूस आला. वस्तीवरच्या दुसऱ्या एका वहिनींनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. "आमची शेगडी छान पेटते, आम्हाला काही तपासायचं नाही." पंधरा दिवसांनी पहाटे चहाला उठल्या तर घरात वास. दिवा लावायला हात बटणाकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. अंधारातच चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दारं उघडली, पोरांना अंगणात काढलं. उजाडल्यावर पाहिलं तर ओट्याच्या मागच्या बाजूला नळी उंदराने कुरतडलेली. पंधरा दिवसांपूर्वी ती तशी होती की नव्हती, कुणास ठाऊक. पण बघणारा माणूस आमच्या सांगण्यावरूनच परत गेला होता, हे मनातून जात नाही.

पेटते म्हणजे ठीक आहे असं नाही

शेगडी पेटते याचा अर्थ एवढाच, की गॅस बर्नरपर्यंत पोचतो आहे. वाटेत तो आणखी कुठे बाहेर पडतो का, हे ज्योत सांगत नाही. फुटक्या पाइपातूनही पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचतंच की.

आपल्या टाकीतल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही, जमिनीलगत, ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. हवेच्या शंभर भागांत दोनेक भाग गॅस मिसळला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. बटण चालू करताना किंवा बंद करतानाही बारीक ठिणगी पडते. म्हणून वास आला की बटणाला हात लावायचा नाही. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्यायचं.

आधी बंद करा, विकत घ्यायचं नंतर बघू

कुणी "हे धोकादायक आहे" म्हणालं की आपण एकाच वेळी दोन गोष्टींचा निर्णय घेतो. वापर थांबवायचा का आणि नवं घ्यायचं का. गोंधळ इथेच होतो. या दोन गोष्टी वेगळ्या करा.

वापर थांबवायला पैसे लागत नाहीत. रेग्युलेटर बंद केला की त्या क्षणी धोका आटोक्यात येतो. येणारा माणूस खरा असो की खोटा, बंद करण्यात आपलं नुकसान नाही. एक वेळचा स्वयंपाक शेजारणीकडे होईल किंवा चुलीवर होईल. मग सावकाश विचारा, नवं खरंच हवं का, आणि घ्यायचं तर कुठून. खऱ्या माणसाला ही गोष्ट पटते. खोट्याला पटत नाही, कारण त्याला आत्ताच पैसे हवे असतात. "आत्ताच, नाहीतर" असं जो म्हणतो त्याच्याशी दारातच सावध व्हा.

दारात आलेल्याला तीन गोष्टी विचारा. कोणत्या एजन्सीकडून आलात? ओळखपत्र दाखवा. आमच्या पुस्तकावरचा ग्राहक क्रमांक सांगा. मग आपल्या गॅसच्या पुस्तकावर जो एजन्सीचा फोन आहे त्यावर विचारा. त्याने दिलेल्या नंबरावर नाही. एजन्सीने हो म्हटलं तर त्याला आत घ्या, पाणी द्या, तपासणी नीट करून घ्या. कंपन्यांची ठरावीक वर्षांनी होणारी तपासणी खरीच असते. तिला शुल्क लागलं तर त्याची एजन्सीची छापील पावती घ्या. शुल्क आहे का आणि किती, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

काय म्हणाला तर काय बघायचं

"नळी खराब आहे." हे खरं असू शकतं, आणि ते आपल्यालाही तपासता येतं. सुरक्षा नळी नारिंगी असते, आत तारेची जाळी असते आणि वर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायची. त्याआधीही भेगा पडल्या, टोकाला सैल झाली किंवा कुरतडली तर लगेच बदलायची. नळीला जोड देऊ नका, आणि तिच्यावर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नका. गुंडाळलं की भेग दिसत नाही. नळी एजन्सीतूनच आणा.

"रेग्युलेटर गळतोय." मग तो बंद करा आणि घेऊन एजन्सीत जा. रेग्युलेटर आपल्याला अनामतीवर दिलेला असतो. उज्ज्वला योजनेत ती अनामत सरकारने भरलेली असते. वापरता वापरता तो आपोआप बिघडला तर एजन्सीने फुकट बदलून द्यायचा असतो. हरवला किंवा आपल्या हातून तुटला तर मात्र पैसे पडतात. दारात कुणी रेग्युलेटर विकत असेल तर घेऊ नका.

"टाकीची मुदत संपली." टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. आकडे वर्षाचे. डी आणि २७ असेल तर डिसेंबर २०२७ पर्यंत. त्या तारखेनंतर ती टाकी पुन्हा चाचणीला जायला हवी. तारीख उलटलेली टाकी दारातच परत करा. टाकी कंपनीची असते, म्हणून ती बदलून घ्यायला एक रुपयाही लागत नाही.

"शेगडी बाद झाली." ज्योत पिवळी होत असेल, भांडी काळी पडत असतील, तर बहुतेक वेळा बर्नरमध्ये घाण अडकलेली असते. उतू गेलेलं दूध, डाळीचं पाणी. साफ केलं की ज्योत पुन्हा निळी होते. खटका सैल झाला असेल किंवा शेगडीतूनच वास येत असेल तर मात्र दुरुस्तीशिवाय वापरू नका. नवी शेगडी घ्यायचीच झाली तर आयएसआय खूण बघून कुठूनही घ्या. आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती एजन्सीलाही करता येत नाही.

"विमा मिळणार नाही." नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी स्वतः विमा काढलेला असतो. त्याचा हप्ता आपण भरायचा नसतो, म्हणून त्याच्या नावाने दारात पैसे देऊ नका. पण बिनखुणेची नळी किंवा रेग्युलेटर वापरला तर दावा करताना अडचण येते, हेही खरं. त्या सासूबाईंची जुनी नळी एकवेळ बरी होती. पैसे देऊन बसवलेली जास्त धोक्याची निघाली.

साबणाच्या पाण्याची परीक्षा

गळती आहे की नाही, हे घरच्या घरी बघता येतं. वास येत नसेल तेव्हा, शेगडीचे खटके बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा. वाटीत साबणाचा दाट फेस करा. तो रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नळीवर लावा. बुडबुडे फुगायला लागले की तिथे गळती. लगेच बंद करा आणि एजन्सीला कळवा. काडी पेटवून कधीही बघू नका. आमच्या वस्तीवर अजून काही जुन्या बायका तसं बघतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा.

नवी टाकी येते तेव्हा पोचवणाऱ्या भावाला वजन आणि तोंडाची गळती समोर तपासून दाखवायला सांगा. त्यासाठी वेगळे पैसे नसतात. तो घाईत असेल तरीही सांगा.

गळती झाली तर १९०६ हा नंबर आहे, दिवस-रात्र चालू. फोन मात्र अंगणात जाऊन करा, घरात नाही. एजन्सीबद्दल तक्रार असेल तर १८०० २३३३ ५५५. कुणी खोटा माणूस फसवून गेला तर पोलिसांना ११२ वर कळवा, म्हणजे पुढची वस्ती तरी वाचेल.

आम्ही काय ठरवलं

आता आमच्या गटात तीन गोष्टी ठरल्या आहेत. तपासणीला कुणी आला तर घरातली बाई एकटी राहणार नाही, शेजारची एक जण येऊन बसेल. एजन्सीचा नंबर प्रत्येकीच्या ओट्याजवळ भिंतीवर लिहिलेला असेल. आणि नळी बदलायला पैसे नाहीत म्हणून कुणी जुनीच वापरत असेल, तर गटातून बिनव्याजी पैसे मिळतील, दोन हप्त्यांत फेडायचे. हा तिसरा ठराव सगळ्यात उशिरा झाला, कारण पैसे नाहीत असं बोलून दाखवायला आपल्याला लाज वाटते. पण विचारल्यावर चार जणींनी हात वर केले.

त्या वहिनींनी नळी बदलली. सासूबाईंचे गेलेले पैसे काही परत आले नाहीत. त्या महिन्याचा त्यांचा हप्ता गटाने पुढे ढकलला आणि दंड लावला नाही. आता त्याच सासूबाई बैठकीत सगळ्यांना सांगतात, माणूस आला की आधी गॅस बंद करा, मग फोन, आणि पैशाचं सगळ्यात शेवटी.

उज्ज्वलाचं कनेक्शन तर बाईच्याच नावावर असतं. ज्याच्यावर आपलं नाव आहे, त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आज घरी गेल्यावर एवढंच करा. ओट्याखाली वाका आणि नळीवरची तारीख वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला वाचायला सांगा. पुढच्या बैठकीत आम्ही विचारणार आहोत.