परागकणांवर अवलंबून भांगेचे बियाणे : साठवणीचे शास्त्र आणि कायद्याची मर्यादा

नवी दिल्ली : औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना देणारे उत्तराखंड हे २०१८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. परवान्याची मुख्य अट एकच होती. पिकातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. कागदावर सोपी वाटणारी ही अट शेतात पाळणे मात्र अवघड ठरते. हिमालयाच्या उतारांवर आणि रस्त्याकडेला आपोआप उगवणारी भांग या मर्यादेत बसेलच असे नाही. तिचे परागकण वाऱ्यावर कुठेही जातात. त्यामुळे मर्यादेत राहणारे बियाणे तयार करणे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखणे, हा या पिकापुढील मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिवळसर भुकटीत, म्हणजे परागकणांत दडलेले आहे.

वाऱ्यावर होणारे परागीभवन

भांगेची नर आणि मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. मनुष्याप्रमाणेच या वनस्पतीतही लिंग एक्स आणि वाय गुणसूत्रांवर ठरते. बियाण्यातून उगवलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. नर झाडाला मादीच्या आधी फुले येतात. पाच पाकळ्यांसारख्या दलांचे हे लहान फूल उमलले की त्यातील पाच परागकोश बारीक देठांवर लोंबू लागतात आणि वाऱ्याच्या झुळुकीसरशी परागकण बाहेर पडतात. एका नर फुलात सुमारे ३,५०,००० परागकण असू शकतात. एकेक कण २५ ते ३० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे चाळीसाव्या भागाइतका असतो.

या फुलांना मध नसतो आणि कीटकांना खुणावणारा रंगही नसतो. परागीभवनाचे सारे काम वारा करतो. तो किती दूर जाऊ शकतो, याचा दाखला स्पेनमध्ये मिळाला. दक्षिण स्पेनमधील मालागा शहराच्या हवेत आढळणारे भांगेचे परागकण समुद्रापलीकडून, उत्तर आफ्रिकेतून येत असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. एवढ्या अंतरावरून आलेल्या कणांपैकी किती जिवंत असतात, हा वेगळा प्रश्न आहे. मात्र शेजारच्या डोंगरावरील रानटी झाड परवानाधारक शेताचे बियाणे बिघडवू शकते, हे त्यातून सहज लक्षात येते.

परागकण आल्याने त्या वर्षीच्या मादी झाडातील टीएचसी वाढत नाही. फलधारणा झाल्यावर झाडाची शक्ती बी भरण्याकडे वळते आणि फुलोऱ्यातील राळेचे उत्पादन उलट घटते. खरा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. झाडात टीएचसी अधिक असेल की नशा न आणणारे सीबीडी, हे प्रामुख्याने एका जनुकस्थानावर ठरते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. शुद्ध सीबीडी वाणाच्या मादीवर शुद्ध टीएचसी वाणाचा पराग पडला, तर त्यातून आलेल्या संततीत दोन्ही घटक आढळतात. शेतकऱ्याने हेच बी राखून पुढच्या हंगामात पेरले, तर त्याचा हेतू स्वच्छ असूनही पीक परवान्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

नर झाडे ओळखणारे ‘पोद्दार’

परागकणांवर नियंत्रण ठेवण्याची गरज भारतात नवी नाही. ब्रिटिश संसदेतील मागणीनंतर १८९३ मध्ये नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभरातील भांग, गांजा आणि चरस यांची पाहणी करून १८९४ मध्ये अहवाल दिला. तत्कालीन बंगालमधील, आता बांगलादेशात असलेल्या नौगाव भागातील गांजाच्या शेतीचे तपशील त्यात आहेत. तेथे ‘पोद्दार’ नावाचे जाणकार शेतोशेत फिरत आणि फुले उमलण्यापूर्वी नर झाडे ओळखून उपटून टाकत. एखादे नर झाड राहून गेले, तरी मादी फुलोऱ्यात बी धरत असे आणि मालाची प्रत उतरत असे.

आजच्या बियाणे संशोधकालाही पोद्दाराचीच नजर लागते. फरक उद्देशाचा आहे. पोद्दार सर्व नर काढून टाकत असे. संशोधकाला निवडक नर राखायचे असतात, त्यांचा पराग नेमक्या मादीपर्यंत पोहोचवायचा असतो आणि उरलेला जपून ठेवायचा असतो.

पराग साठवण्याची गरज

साठवणीचे पहिले कारण वेळेचे आहे. नर आधी फुलतो आणि मादी नंतर. निवडलेल्या जोडीचा फुलोरा एकाच वेळी येईलच, याची खात्री नसते. दुसरे कारण अंतराचे आहे. पालमपूरच्या नराचा संकर जम्मूच्या मादीशी करायचा, तर झाड हलवण्यापेक्षा पराग नेणे सोयीचे ठरते.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रेशा, बी किंवा औषधी घटक यांच्या दृष्टीने नर झाड किती गुणी आहे, हे त्याच्याकडे पाहून पुरते कळत नाही. बी आणि औषधी फुलोरा मादीला येतो. त्यामुळे नराची खरी परीक्षा त्याच्या संततीवरून होते. ही संतती वाढून तिची तपासणी होईपर्यंत मूळ नर झाड वाळून गेलेले असते, कारण भांग ही एका हंगामाची वनस्पती आहे. पशुपालकांना ही अडचण परिचित आहे. वळूची पारख त्याच्या कालवडींच्या दुधावरून होते आणि तोवर त्याच्या वीर्याच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपल्या जातात. उरुळीकांचनच्या बाएफसारख्या संस्थांमुळे महाराष्ट्राच्या गावागावांत ही पद्धत माहीत झाली. परागकणांची साठवण हे त्याच तत्त्वाचे वनस्पतींमधील रूप आहे.

कोरडेपणा, थंडावा आणि बंद डबी

परवानाधारक संशोधन केंद्रात नर झाडे मादीपासून पूर्णपणे अलग, बंद खोलीत वाढवली जातात. परागकोश उघडू लागले की फुलोऱ्यावर कागदी पिशवी चढवून किंवा खाली गुळगुळीत कागद पसरून पराग गोळा करतात. तो बारीक चाळणीतून काढून पाकळ्यांचे व परागकोशांचे तुकडे वेगळे केले जातात. हे तुकडे ओलावा धरतात आणि त्यांतून बुरशी येते.

ओलावा हा परागाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पाण्याचा थेंब लागला की कण फुगतो, फुटतो किंवा अवेळी रुजून निकामी होतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना कपड्यांवरचा पराग निष्प्रभ करण्यासाठी पाण्याचा फवारा वापरतात, तो याच कारणाने. ओला पराग गोठवला, तर आतील पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटते. म्हणून आधी सिलिका जेलसारख्या शोषकाच्या सान्निध्यात तो वाळवला जातो आणि मगच थंड केला जातो.

तापमानानुसार आयुष्य बदलते. साध्या शीतकपाटात, सुमारे ४ अंश सेल्सिअसला, भांगेच्या परागाची रुजण्याची क्षमता काही आठवड्यांतच ओसरते. दीर्घकाळासाठी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा आधार घ्यावा लागतो. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाळवलेला पराग भाजलेल्या गव्हाच्या पिठात मिसळून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याची पद्धत मांडली. पीठ उरलासुरला ओलावा शोषते. नगण्य वजनाची ही भुकटी त्यामुळे विभागून हाताळणेही सोपे जाते.

साठवण लहान लहान कुप्यांमध्ये केली जाते. थंड कुपी उघडताच हवेतील बाष्प आत साचते. तीच कुपी पुन्हा गोठवली तर पराग मरतो. म्हणून एक कुपी एकदाच वापरायची, असा दंडक असतो. वापरापूर्वी साखर, बोरॉन आणि कॅल्शियम असलेल्या माध्यमात थोडा पराग ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली परागनलिका फुटते का, ते पाहिले जाते. प्रत्येक कुपीवर झाडाचा क्रमांक व तारीख लिहिलेली नसेल, तर जिवंत परागही निरुपयोगी ठरतो.

साठवणीची ही तत्त्वे भांगेपुरती मर्यादित नाहीत. बंगळूरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अनेक फळे, भाज्या आणि फुलझाडांच्या परागकणांची अतिशीत पेढी उभारली आहे.

दिल्ली विद्यापीठाचे योगदान

या क्षेत्रातील एक पायाभूत शोध भारतीय आहे. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांचे सहकारी आर. सेट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, सिल्व्हर नायट्रेट आणि सिल्व्हर थायोसल्फेट यांच्या वापराने भांगेच्या मादी झाडावर कार्यक्षम नर फुले आणता येतात, हे दाखवले. चांदीचे हे क्षार वनस्पतीतील इथिलीन या संप्रेरकाची क्रिया रोखतात. अशा झाडाच्या परागात वाय गुणसूत्र नसते. त्यामुळे त्यापासून मिळणाऱ्या बियांतून जवळपास सर्व मादी रोपे उगवतात. जगभरातील ‘फेमिनाइज्ड’ बियाण्यांचा उद्योग आज याच तत्त्वावर उभा आहे.

घरच्या कुंडीलाही कायदा लागू

परदेशांतील काही ठिकाणी घरगुती लागवडीला मुभा असल्याने हौशी मंडळी घरीच पराग साठवून बियाणे तयार करतात. त्यासंबंधीची माहिती भारतीय वाचकांपर्यंतही सहज पोहोचते. मात्र भारतात तसे करणे गुन्हा आहे.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा कायदा भांगेच्या प्रजातीतील कोणत्याही झाडाला ‘कॅनाबिस वनस्पती’ मानतो. नर-मादी किंवा टीएचसीचे प्रमाण असा भेद त्याच्या व्याख्येत नाही. गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत. त्यामुळे या झाडाबद्दल अनेकांचा गैरसमज होतो. लागवडीला अशी कोणतीही सूट नाही. कलम २० नुसार विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लागवडीच्या या तरतुदीत झाडांच्या संख्येची किमान मर्यादा दिलेली नाही. पराग मिळवायचा तर नर झाड वाढवावे लागते आणि तेथेच कायदा आड येतो.

दुसरीकडे, याच कायद्याचे कलम १४ केवळ रेशा किंवा बी मिळवण्यासाठी, तसेच उद्यानविद्येच्या हेतूने, अटींसह लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार सरकारला देते. उत्तराखंडचे परवाने याच चौकटीत आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही औद्योगिक व उद्यानविद्येच्या हेतूने होणारी लागवड आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. कुमाऊँच्या घरांत भांगेच्या बियांची चटणी त्याच्या कितीतरी आधीपासून वाटली जात होती.

शेतकऱ्याच्या दारात बियाणे

हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर येथील कृषी विद्यापीठ आणि सोलनजवळील नौणी येथील उद्यानविद्या विद्यापीठ यांच्यामार्फत भांग लागवडीचा प्रायोगिक अभ्यास करण्यास मंजुरी दिली. जम्मूतील भारतीय एकात्मिक औषध संस्थेतही औषधी उपयोगाच्या दृष्टीने संशोधन सुरू आहे. अशा संस्थांच्या कामाचा कस अखेर बियाण्याच्या पिशवीत लागणार आहे.

डोंगराळ भागातील अल्पभूधारकाकडे प्रयोगशाळा नसते आणि शेजारच्या ओढ्याकाठी उगवलेल्या रानभांगेवर त्याचे नियंत्रणही नसते. त्याने घरचे बी राखले, तर दोन-तीन हंगामांत वाणाची शुद्धता हरवण्याचा धोका असतो आणि त्याची किंमत त्याला परवान्याने मोजावी लागू शकते. म्हणूनच मूळ नरांचा पराग सुरक्षित साठवणे, त्यापासून अलग क्षेत्रात दरवर्षी खात्रीचे बियाणे तयार करणे आणि ते परवडणाऱ्या दरात शेतकऱ्याला पुरवणे, ही जबाबदारी परवाना देणाऱ्या यंत्रणेला उचलावी लागेल. तसे झाले नाही, तर परवाना हातात असूनही शेतकऱ्याचे पीक कायद्यात बसेल की नाही, हे डोंगरावरचा वाराच ठरवत राहील.