रोज एक चित्र, मध्यरात्रीच्या आत

1 मे 2007 रोजी माइक विंकलमन या पंचविशीतल्या अमेरिकन तरुणाने कागदावर एक रेखाचित्र काढलं आणि त्याच दिवशी ते इंटरनेटवर टाकलं. चित्र बेताचंच होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं काढलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. पर्ड्यू विद्यापीठातून 2003 मध्ये त्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली होती आणि पोटापाण्यासाठी तो वेबसाइट बनवत असे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्याने घेतलं नव्हतं. टॉम जड हा ब्रिटिश चित्रकार रोज एक चित्र काढतो हे पाहून त्यालाही तसं करावंसं वाटलं, इतकीच सुरुवात. आज जग त्याला ‘बीपल’ म्हणून ओळखतं.

नियम एकच होता: रात्री बारा वाजायच्या आत चित्र पुरं करायचं आणि लोकांसमोर ठेवायचं. जमलं नसलं तरी ठेवायचं. लग्नाच्या दिवशीही त्याने चित्र केलं, मुलं जन्मली त्या दिवशीही केलं. गवयाचा रियाज बंद दाराआड चालतो, याचा रियाज चव्हाट्यावर चालला. मला हा फरक मोलाचा वाटतो. फसलेलं चित्र लपवायची सोय नसली की त्यावर कुढत बसायलाही वेळ मिळत नाही, कारण उद्याचं चित्र समोर उभं असतं.

पहिलं वर्ष कागद-पेन्सिलीवर गेलं. पुढे एकेका वर्षात एखादं साधन हातात घेऊन ते अंगवळणी पाडायचं, असा त्याचा क्रम पडला. 2012 मध्ये इलस्ट्रेटर, 2015 मध्ये सिनेमा फोरडी, ही दोन्ही संगणकावर चित्र करायची सॉफ्टवेअरं. यातलं सिनेमा फोरडी त्याचं मुख्य अवजार ठरलं, म्हणून ते कसं चालतं हे नीट पाहू.

यात चित्रकार रेघ ओढत नाही, तो देखावा मांडतो. पडद्यावर एक रिकामी, त्रिमितीय जागा असते. तिथे ठोकळे, गोळे, नळकांडी ठेवायची. ती ताणून, कापून, जोडून इमारत किंवा यंत्र उभं करायचं. मग प्रत्येक पृष्ठभागाचा पोत ठरवायचा, म्हणजे गंजलेलं लोखंड की ओला डांबरी रस्ता. मग दिवे लावायचे आणि शेवटी कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवायचं. गणपतीची आरास करणाऱ्याला हे काम चटकन कळेल. दिवा एक हात सरकवला की सगळी मूर्ती बदलते, तसंच इथे होतं.

यानंतर रेंडरिंग. प्रकाशाचा किरण कुठे आपटतो, किती शोषला जातो, उरलेला कुठे उसळतो, याचा हिशेब संगणक करतो आणि त्यातून प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरतो. हा हिशेब अफाट असतो. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर एका चित्राला तासन्‌तास लागू शकतात. ऑक्टेनसारखी प्रणाली तेच काम ग्राफिक्स कार्डावर टाकते. तिथे हजारो छोटी गणितं एकाच वेळी सुटतात, त्यामुळे दिवा सरकवला की बदल जवळजवळ लगेच दिसतो. मध्यरात्र गाठायची असलेल्या माणसाला असंच साधन हवं होतं. त्याच घाईतून तयार मॉडेल विकत घेऊन वापरण्याची सवयही आली. शेवटचा हात फोटोशॉपमध्ये फिरतो: थोडं धुकं, रंगांची जुळवाजुळव. त्याच्या अनेक चित्रांत महाकाय वस्तूसमोर एक इवलासा माणूस उभा असतो. तो माणूस झाकला तर मागच्या वस्तूच्या आकाराचा अंदाजच लागत नाही, म्हणून तो तिथे हवाच. (सिनेमा फोरडी महागडं आहे, ज्याला आज सुरुवात करायची आहे त्याला ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यातही हे सगळं करता येतं.)

कमाई कशी होत होती? इथे त्याने केलेली गोष्ट मला फार आवडते. मैफलींत गायकामागच्या पडद्यावर चालतात तशा छोट्या फिरत्या चित्रफिती बनवून त्याने त्या कुणालाही वापरायला मोफत दिल्या. काही लघुपटांच्या मूळ फाइलीसुद्धा खुल्या केल्या. त्या पाहून इतर शिकले आणि काम देणाऱ्यांना हा माणूस ठाऊक झाला. केटी पेरी, एमिनेम अशा गायकांच्या कार्यक्रमांसाठी दृश्यं करण्याचं काम आलं. 2019 च्या वसंत-उन्हाळी संग्रहात लुई व्हितॉं या फॅशन कंपनीने त्याची रोजची चित्रं कपड्यांवर छापली.

मग 2021 उजाडलं. पहिल्या 5000 दिवसांची चित्रं एका चौकोनात बसवून ‘एव्हरीडेज: द फर्स्ट 5000 डेज’ ही एकच फाइल तयार झाली. तिची रुंदी आणि उंची प्रत्येकी 21,069 ठिपके. भागाकार केला तर एकेका चित्राच्या वाट्याला साधारण 300 गुणिले 300 ठिपक्यांची जागा येते. 25 फेब्रुवारीला क्रिस्टीज या लिलावसंस्थेने 100 डॉलरपासून ऑनलाइन लिलाव उघडला, 11 मार्चला फाइल 6 कोटी 93 लाख डॉलरांना विकली गेली. घेणारे विघ्नेश सुंदरेसन हे मूळचे तमिळनाडूचे, सिंगापुरात राहणारे गुंतवणूकदार.

त्यांना मिळालं काय? एक एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवरची एक नोंद. ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागची नोंद खोडता न येणारी खातेवही. तिच्यातली ‘हे टोकन अमुक खात्याचं’ ही नोंद म्हणजे एनएफटी. चित्र स्वतः त्या वहीत नसतं. टोकनमध्ये चित्राच्या फाइलकडे नेणारा दुवा असतो. सातबाऱ्याचा उतारा हाती आला म्हणून शेत खिशात येत नाही, तसंच. आणि या उताऱ्याला सरकारी मोहोरही नाही. स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहिला, फाइल कुणीही पाहू शकतो. विंकलमनने मिळालेलं ईथर हे आभासी चलन लवकरच डॉलरमध्ये बदलून घेतलं, आणि ते शहाणपणाचं होतं असं मी मानतो.

त्या 5000 चित्रांत ओबडधोबड, अश्लील आणि निव्वळ बटबटीत अशी पुष्कळ आहेत. ती मला आवडत नाहीत. पण ती काढून टाकली असती तर हात कसा सुधारत गेला हे कळलं नसतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विंकलमनचं ‘ह्यूमन वन’ सुमारे 2 कोटी 89 लाख डॉलरांना विकलं गेलं. माणसाहून उंच, सावकाश फिरणारी ही पेटी आहे. चारही बाजूंना पडदे, आणि आत अंतराळवीराच्या वेषातली एक आकृती अखंड चालत असते. पेटी विकत घेणाऱ्याकडे असते, पण तिच्यातलं दृश्य विंकलमन दुरून बदलू शकतो. 2022 मध्ये ती इटलीत तुरीनजवळच्या कास्तेल्लो दी रिवोली या संग्रहालयात मांडली होती. आकृती चालत राहते, भोवतालचा प्रदेश मात्र त्याच्या मनाप्रमाणे पालटतो.