रविवारची सुट्टी साहेबाने दिली?

इंग्रज साहेब रविवारी चर्चला जायचा, म्हणून आपल्यालाही सुट्टी मिळाली, अशी एक ठाम समजूत आहे. सरकारी कचेऱ्यांपुरती ती खरी. पण साहेबाचंच राज्य असताना मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार हक्काचा नव्हता.

तो मागितला कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने त्यांनी निवेदन दिलं : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. साडेसहा ते सूर्यास्त एवढं काम हीसुद्धा तेव्हा सवलत होती, यावरून एरवीच्या दिवसाची कल्पना यावी. एप्रिल 1890 मध्ये जवळपास दहा हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये गिरणी मालकांच्या संघाने सुट्टी मान्य केली.

‘मालकांनी मान्य केलं, मग कायदा कशाला?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. एका गिरणीने सुट्टी पाळली आणि शेजारच्या गिरणीने भोंगा वाजवला, तर पाळणाऱ्याचंच नुकसान. भला मालकही या भीतीने मागे सरतो. 1891 च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी सगळ्यांनाच बंधनकारक केली आणि ही भीती संपवली. नियमनाचं मोठं काम हेच असतं.

सरकार कनवाळू होतं, हाही भ्रमच. गिरण्यांवर निर्बंध यावेत म्हणून सर्वांत जोरात ओरड होती इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड कारखानदारांची. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना झोंबत होतं. म्हणून इथले मालक या कायद्यांना परक्यांचं कारस्थान म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. पण हेतू कुणाचाही असो, 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यातून बाहेर काढलं. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र रोज नऊ तास राबवायला मोकळीक होती! मालकांनी धंदा बुडण्याची भीती घातली होती. गिरण्या वाढतच गेल्या.

आणखी एक गैरसमज सुशिक्षितांमध्ये जास्त दिसतो : यंत्रं सुधारली की कामगाराचे कष्ट आपोआप कमी होतात. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा उलटंच झालं. तोवर निदान अंधार पडला की काम थांबे. आता दिव्याखाली चौदा-पंधरा तासांच्या पाळ्या चालू लागल्या. 1891 च्या कायद्यात स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा होती, प्रौढ पुरुषांना काहीच नव्हती. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला 1911 चा कायदा यावा लागला. तीही कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे तपासायला पुरेसे निरीक्षक कधीच नव्हते. कायदा म्हणजे हक्क हातात पडला, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आठ तासांचा दिवसही एका फटक्यात आला नाही. 1922 साली आठवड्याला 60 तास, 1934 साली 54 तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, 1946 च्या दुरुस्तीने ते 48 वर आले. पहिल्या कायद्यापासून इथवर यायला 65 वर्षं लागली.